दोन आवाजांचे कार्डयंत्र

मित्रांनो, मी एक जुने कार्डयंत्र आहे. बसच्या दाराशी प्रवासी ज्याच्यावर कार्ड टेकवतात, ते यंत्र. माझे वय अकरा वर्षे. तुमच्यात अकरा वर्षांचा म्हणजे लहानच, पण आमच्यात एवढ्या वयाला म्हातारे म्हणतात. माझी हकीकत मोठी नाही. तीत एक कंडक्टरबाई आहेत, एक खुर्च्या विणणारे काका आहेत आणि माझी एक चूक आहे. ती चूक मला बनवतानाच झाली होती, तरी ती माझ्याच नावावर लागली, म्हणून माझीच म्हणतो.

एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या तारा जोडल्या. मग तिने एकच कार्ड माझ्यावर वीस वेळा टेकवले. वीसही वेळा माझा हिरवा दिवा लागला आणि मी ‘टिक’ असा आवाज केला. तिने माझ्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि पुढचे यंत्र हातात घेतले. माझे कौतुक करायला तिला वेळ नव्हता.

मला का बनवले, ते सांगतो. त्या भागात तीन प्रकारची वाहने होती. गावातून बस जायची, टेकडीवर छोटी रेल्वे चढायची आणि खाडी ओलांडायला लाँच होती. तिघांची तिकिटे वेगळी, पास वेगळे आणि रांगाही वेगळ्या. खाडीपलीकडच्या दवाखान्यात एक परिचारिका कामाला होती. ती तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत पुष्कळदा लाँच धक्का सोडून गेलेली असायची. तेव्हा वरच्या कचेरीने ठरवले, की सगळ्यांना मिळून एकच कार्ड करायचे. पण सगळीकडे एकदम सुरू करण्याआधी तीन महिने एकाच मार्गावर बघायचे ठरले. तो मार्ग होता दगडखाण ते धक्का. त्या मार्गावरच्या एका बसमध्ये, पुढच्या दाराच्या दांडीवर, मला चार स्क्रूंनी बसवण्यात आले.

त्या बसच्या कंडक्टरबाई बावीस वर्षे याच मार्गावर होत्या. कोण कुठे चढतो, कोण कुठे उतरतो, कोणाच्या गुडघ्याला वळणावर त्रास होतो, हे त्यांना तोंडपाठ होते. मला बघून त्यांना आनंद झाला नाही, पण त्यांनी तोंडही वाकडे केले नाही. प्रवाशांना माझी सवय लावायची, हे काम त्यांच्याकडेच दिले होते. ड्रायव्हर त्यांची थट्टा करायचा.

“ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय तुम्ही.”

“पडायचाच आहे तर बघून तरी पाडते,” त्या म्हणाल्या आणि फडक्याने माझी काच पुसली.

सुरुवातीचे दिवस गमतीचे गेले. कोणी कार्ड माझ्यावर पॉलिशपेपरसारखे घासायचे. एका मास्तरांनी वाचनालयाचे कार्ड टेकवले आणि मी लाल दिवा दाखवला म्हणून मलाच दरडावले. एक आजी कार्ड बाहेर काढायलाच तयार नव्हत्या, ते हरवेल म्हणून. त्या अख्खी पर्स माझ्यावर टेकवायच्या आणि मी ती मुकाट्याने वाचायचो. महिनाभरात सगळे सरावले. एक रांग वाचल्यामुळे परिचारिकेला लाँच मिळू लागली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, शेजारी वरच्या कचेरीचे इंजिनिअर साहेब हसत उभे होते. चार वर्षे त्यांनी या योजनेसाठी खस्ता खाल्ल्या होत्या.

आता वेतकाकांविषयी सांगतो. खाडीपलीकडे एका दुकानात ते खुर्च्यांच्या बैठका वेताने विणत असत. जन्मापासून त्यांना दिसत नव्हते. सकाळच्या बसला ते तिसऱ्या थांब्यावर चढायचे. दांडी कुठे, पायरी किती उंच, मी कुठे, हे त्यांनी दोन दिवसांत हाताने मोजून घेतले होते. कार्ड टेकवायचे, माझी ‘टिक’ ऐकायची आणि आत जाऊन बसायचे.

माझी चूक इथेच होती. कार्ड नीट लागले तर माझा हिरवा दिवा लागायचा आणि लागले नाही तर लाल. आवाज मात्र दोन्ही वेळा एकच. मला घडवणाऱ्यांना सगळे डोळ्यांनी दिसत होते, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

एका सकाळी गर्दी होती. मागच्या माणसाचा धक्का लागला आणि वेतकाकांनी कार्ड जरा लवकर उचलले. मी लाल दिवा दाखवला आणि ‘टिक’ केले. ते आत गेले. कंडक्टरबाई तेव्हा मागच्या बाजूला कोणाचे तरी सामान सरकवत होत्या. धक्क्याच्या आधी तपासनीस चढले. त्यांनी वेतकाकांचे कार्ड आपल्या यंत्रावर लावले, तर त्या दिवशी ते बसमध्ये चढल्याची नोंदच नव्हती.

“मी कार्ड लावलं होतं,” वेतकाका म्हणाले. “आवाज ऐकला मी.”

तपासनीस म्हणाले, की असे सगळेच सांगतात. कंडक्टरबाई धावत पुढे आल्या आणि या माणसाने बावीस वर्षांत एकदाही असे केलेले नाही, असे त्यांनी परोपरीने सांगितले. तपासनीस काही दुष्ट नव्हते. त्यांच्या हातात नियम होता आणि यंत्रात नोंद नव्हती. त्यांनी ‘विनातिकीट प्रवासी’ असा कागद केला आणि भरल्या बसमध्ये वेतकाकांचा अंगठा घेतला. कोणी खिडकीबाहेर बघत होते, कोणी टक लावून त्यांच्याकडे. लाँच सुटून गेली. वेतकाका काठी टेकत उतरले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत आणि त्या आठवड्यात परत आलेच नाहीत.

रविवारी कंडक्टरबाई त्यांच्या घरी जाऊन आल्या आणि सोमवारी त्यांनी ड्रायव्हरला सगळे सांगितले, तेव्हा ते मला कळले. वेतकाका आता खाडीला वळसा घालून पुलावरून पायी जात होते. जायला दीड तास, यायला दीड तास. पुन्हा चारचौघांत अंगठा द्यायची पाळी नको, एवढेच ते म्हणाले होते.

त्या दिवशी दगडखाणीच्या थांब्यावर बस रिकामी झाल्यावर बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले, एकदा कार्ड नीट टेकवले आणि एकदा घाईने. मग त्यांनी ओढणीने डोळे घट्ट बांधले आणि ड्रायव्हरला कार्ड टेकवायला सांगितले. लागले की नाही, हे त्या आवाजावरून ओळखू पाहत होत्या. दहापैकी पाच वेळा त्या चुकल्या. ओढणी सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना माझा राग आला असावा.

तीन महिने संपले. इंजिनिअर साहेब स्वतः बसमध्ये आले. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. प्रत्येक कंडक्टरने एका कागदावर सही करायची होती. त्यावर लिहिले होते, ‘यंत्र सर्व प्रवाशांना वापरता येते.’ कंडक्टरबाईंनी ‘सर्व’ या शब्दावर काट मारली आणि सही न करता कागद परत दिला. का, तेही सांगितले.

साहेबांनी ऐकून घेतले. मुद्दा खरा आहे, पण तारीख ठरली आहे, पुढच्या वर्षी नवी यंत्रे येतील तेव्हा बघू, असे ते म्हणाले. बाई हलल्या नाहीत. तेव्हा साहेबांचा आवाज चढला. नोकरी वाचवायला कंडक्टर लोक खुसपटे काढतात, असे कचेरीत बोलले जाते, हेही ते बोलून गेले.

बाई म्हणाल्या, “नोकरी जाणारच आहे, साहेब. यंत्र नीट झालं तर जरा लवकर जाईल. तरी म्हणतेय, नीट करा.”

मग त्यांनी आपली ओढणी पुढे केली. साहेबांना नाही म्हणता आले नाही. त्यांनी डोळे बांधले, ते थांब्यावर उतरले आणि चाचपडत पुन्हा चढले. त्यांनी कार्ड अंदाजाने टेकवले, मी ‘टिक’ केले आणि ते आत जाऊन बसले. बस धक्क्याला लागली तेव्हा बाईंनी सांगितले, “साहेब, तुमचं कार्ड लागलं नव्हतं. तुम्ही विनातिकीट आहात.”

साहेबांनी ओढणी सोडली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि ती परत दिली. मग ते उतरले.

साहेबांनी उद्घाटन सात आठवडे पुढे ढकलले. ज्या वर्तमानपत्राने माझा फोटो छापला होता, त्यानेच योजनेचे हसे केले. साहेबांना वरून बोलणी खावी लागली. मला उघडून माझ्यात एक नवा तुकडा बसवला. आता कार्ड लागले तर एकदा वरचा आवाज आणि नाही लागले तर दोनदा खालचा.

बाई वेतकाकांना घरून घेऊन आल्या. काका माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आधी चुकीचा ऐकवा.”

बाईंनी तो तीनदा ऐकवला. मग बरोबरचा ऐकवला. काकांनी मान डोलावली. त्यांच्या नावाचा कागद रद्द झाल्याचे पत्र बाईंनी वाचून दाखवले. ते त्यांनी खिशात ठेवले आणि म्हणाले, “बाई, कागद बसमध्ये केला होता. तो चुकीचा होता, हेही बसमध्येच सांगायला हवं.”

आठ दिवसांनी सकाळच्या गर्दीत तपासनीस चढले. ताठ उभे राहून, कोणाकडेही न बघता त्यांनी दोन वाक्यांत ते सांगितले. वेतकाकांनी उठून उभे राहून दोन्ही वाक्ये ऐकली आणि ते खाली बसले.

पुढे बस, रेल्वे आणि लाँच, सगळीकडे एकच कार्ड झाले. वर्ष संपायच्या आत कंडक्टरांच्या जागा गेल्या. बाईंना रेल्वेच्या स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसवले. त्या मार्गावर पुन्हा कधी आल्या नाहीत, त्यामुळे त्यांचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. तिथे त्या लोकांना नीट उत्तरे देत असतील, असे वाटते.

मी नऊ वर्षे काम केले. कोणी माझ्यावर च्युइंगगम चिकटवले, कोणी स्वतःचे कार्ड घरी विसरून मला बुक्की मारली. माझी काच पुसणारे कोणी उरले नव्हते. मग मोबाइल वाचणारी यंत्रे आली आणि माझे चार स्क्रू निघाले. दोन वर्षे मी दुरुस्तीच्या खोलीत फळीवर पडून आहे. गळ्यात ‘सुटे भाग’ अशी पट्टी आहे.

काल माझ्या शेजारी एक नवे यंत्र आणून ठेवले. त्याचा पडदा मोठा आणि रंगीत आहे, त्याच्यावर चित्रेही हलतात. त्याचे काही बिघडले नव्हते. फक्त चिठ्ठीवर लिहिले होते, ‘प्रवाशांना कटकट होते म्हणून आवाज बंद केला आहे.’ कारागिराने चिठ्ठी वाचली, यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि तो जेवायला गेला.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. आम्हाला पुसा, बुक्क्या मारू नका, हे तर आहेच. पण तुमच्या बसमधले यंत्र मुके असेल, तर ड्रायव्हरकाकांना तेवढे सांगा. तुम्हाला दिवा दिसतो, तुम्ही आत जाल. तुमच्या मागे चढणारा माणूस कान देऊन उभा असेल.