सहावा ओरखडा

माझ्या बोगद्याच्या छतावर सहा समांतर ओरखडे आहेत. पाच इतके उथळ, की नखाने चाचपले तरच लागतील. सहावा वीतभर लांब आहे, आणि त्याच्या मधल्या दोन बोटांत मूळचा धातू उरलेलाच नाही. तिथे आता जोडकामाची जाड, खडबडीत रेघ आहे.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर, ह्याल्टी नावाच्या कोळ्याच्या शेडमध्ये राहते. मला पुढे दोन स्की, मागे गोल फिरणारा रुंद रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्यावर उलट्या पन्हळीसारखं ॲल्युमिनियमचं झाकण. त्या झाकणालाच बोगदा म्हणतात. माझा रेडिएटर बोगद्याच्या छताला चिकटलेला असतो. पट्टा बर्फाचा भुगा उडवतो, तो छताला लागतो आणि इंजिन थंड राहतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला मान खाली घालायला लावणारी गोष्ट त्याच बोगद्यात घडली.

पहिले दोन हिवाळे मी कष्टात काढले. वारा सरोवरावरचा भुगा झाडून नेतो आणि खाली नुसती काच उरते. मासळीने भरलेली घसरगाडी मागे बांधली, की माझा पट्टा जागच्या जागी फिरायचा आणि बाकीच्या गाड्या पुढे निघून जायच्या. तिसऱ्या वर्षी ह्याल्टीने पट्ट्याला एकशे चव्वेचाळीस टोकदार पोलादी खिळे बसवले. ते बर्फात असे रुतले, की शेजारचा लारुस बघतच राहिला.

“ह्याल्टी, गाडी घेतलीस की मांजर पाळलंस? ही भिंतीवरसुद्धा चढेल!”

मी फुगून गेले. त्या फुगण्याचीही आज लाज वाटते.

खिळ्यांच्या खोक्यात दोन लांब पोलादी फितीही होत्या. त्या बोगद्याच्या छताला आतून रिव्हेटने ठोकायच्या असतात. मग पट्टा उसळला तरी त्याचं रबर फितीवर अडतं आणि खिळ्याचं टोक छतापर्यंत पोचत नाही. पण त्यासाठी पट्टा काढावा लागतो. अर्ध्या दिवसाचं काम. त्या वर्षी सरोवर लवकर गोठलं होतं आणि सगळं गाव बर्फावर उतरलं होतं. ह्याल्टीने मला स्टँडवर चढवलं आणि बोगद्यात हात घालून पाहिलं. खिळ्याचं टोक आणि छत यांच्यात दोन बोटं अंतर होतं.

“पुष्कळ आहे,” तो म्हणाला. “फिती रविवारी लावू.”

मोजमाप बरोबर होतं. फक्त ते रिकाम्या गाडीचं होतं. पाठीवर माणूस, मागे चारशे किलो मासळी आणि वाटेत बर्फाचा उंचवटा, असं झालं की माझ्या स्प्रिंगा दबतात, पट्टा वर येतो आणि ती दोन बोटं कुठल्या कुठे जातात. ह्याल्टी तीस वर्षं या सरोवरावर होता. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. रविवार आला, गेला. असे चार गेले.

मला आवाज ऐकू येत होता. उंचवट्यावर टक्. पुढच्या उंचवट्यावर टक्-टक्. पण मी सगळ्यांच्या पुढे धावत होते, आणि पुढे असताना असले बारीक आवाज कोण मनावर घेतं?

जानेवारीत ह्याल्टीचे गुडघे धरले, म्हणून त्याची मुलगी थोरा उत्तरेची जाळी काढायला मला घेऊन गेली. उणे तेवीस अंशांची थंडी, उघडा बर्फ, मागे भरलेली घसरगाडी. परतताना एका मोठ्या उंचवट्यावर सहावा ओरखडा आरपार गेला आणि रेडिएटर फाटला. हिरवं कूलंट माझ्या मागे बर्फावर सांडत राहिलं. थोरा दर थोड्या वेळाने तापमानाच्या दिव्याकडे बघत होती. दिवा पेटला नाही. उष्णता मोजणारं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तरच खरं सांगतं. कूलंट संपल्यावर ते रिकाम्या जागेत लोंबकळलं, आणि मी तिला सांगत राहिले, सगळं ठीक आहे. मग इंजिन जाम झालं.

थोरा अकरा किलोमीटर चालत आली. गारठून तिच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली.

दवाखान्यात लारुसने विचारलं, “झालं तरी काय?” ह्याल्टीने तेव्हा मला पाहिलंही नव्हतं. तरी तो म्हणाला, “फार दामटली तिने. दिव्याकडे लक्ष नाही.”

“मी बघत होते, पाब्बी,” थोरा पलंगावरून बापाला म्हणाली.

“बघत असतीस तर थांबली असतीस.”

चार दिवसांनी मला ओढून आणलं. ह्याल्टीने मला कुशीवर पाडलं, बोगद्यात दिवा धरला आणि त्या फटीत बोट घातलं. ते बोट बराच वेळ तिथेच होतं. मग त्याने फट जोडली, इंजिन नवं बसवलं, फिती ठोकल्या. काम चोख होतं. ते त्याने शेडचं दार लावून केलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

त्यानंतर तीन हिवाळे गेले. इंजिन भाजलं म्हणून गावात थोराला ‘भट्टीवाली’ नाव पडलं. आधी ती चिडायची. मग हसायला लागली. मग तिलाच वाटू लागलं, की आपण दिव्याकडे बघितलं नसेल. ती शेडमध्ये बसून जाळी विणते आणि माझ्याकडे पाठ करून बसते. ह्याल्टी तिच्यासाठी रोज कॉफी आणतो आणि काही न बोलता ठेवून जातो. मी दोघांच्या मधे उभी असते. मला तोंड असतं तर कधीच बोलले असते, असं मी स्वतःला सांगते. पण ज्याला तोंड होतं त्याचं काय झालं, तेही मी रोज बघत होते.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं यंत्र असेल तर त्याचं अंतर ओझ्यासकट मोजा. बारीक टक्-टक् ऐकू आली तर त्याच दिवशी थांबा. आणि मोजताना चूक झालीच, तर ती ज्याच्या माथी बसली आहे त्याला लवकर सांगा. फटीला डाग देता येतो. तीन हिवाळ्यांना देता येत नाही.

काल सरोवर गोठलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी कोळ्यांनी एकत्र कॉफी घ्यायची आणि कुणाची जाळी कुठे हे ठरवायचं, अशी इथली रीत आहे. म्हणून आज सकाळी लारुस शेडमध्ये आला. माझ्या सीटवर बसून त्याने थरांच्या केकचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

“तुझे गुडघे गेले, ह्याल्टी. उत्तरेची जागा मला दे. दरसाल मासळीतला वाटा घरपोच देईन.”

“बघू.”

“गेल्या वर्षीही ‘बघू’च म्हणालास. दुसरं कोण आहे तुझ्याकडे? ही भट्टीवाली? पुन्हा गाडी भाजून खाईल!”

थोरा हसली. सवयीने. “खरंय लारुसकाका. देऊन टाक, पाब्बी. मला कुणी गाडी देऊ नये हेच बरं.”

तिची विणायची सुई थांबली नाही. ह्याल्टीच्या हातातला कप मात्र थांबला. त्याने तो माझ्या हँडलजवळ ठेवला, तर कॉफी सांडली. त्याचा चेहरा मी जवळून पाहिला. दवाखान्यातून परतला होता तेव्हाही तो इतका उतरलेला नव्हता.

“लारुस, उठ तिथून.”

“का रे बाबा? चावते का?”

“उठ म्हणतो ना.” तो वाकला. गुडघे कटकट वाजले. माझ्या बोगद्याच्या कडेला त्याने हात टेकला. “इथे आत फाटलं होतं. खिळ्यांनी. कूलंट गळून गेलं, म्हणून दिवा पेटलाच नाही. पेटणारच नव्हता. फिती मी लावल्या नव्हत्या.”

लारुस चावायचा थांबला.

“तुला कधी कळलं?” थोराने विचारलं. अगदी हळू.

“चौथ्या दिवशी.”

थोरा उठली, लंगडत माझ्यापाशी आली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या बोगद्यात हात घातला. जोडाची रेघ तिला सापडली. तिने बापाकडे पाहिलं नाही.

“मी बघत होते,” ती म्हणाली. “मी दिव्याकडे बघत होते.”

“हो,” ह्याल्टी म्हणाला. “बघत होतीस.” मग तो लारुसकडे वळला. “उत्तरेची जागा मी देणार नाही. ती थोराची आहे. तिला नको असेल तर तिने नाही म्हणावं, मी नाही. आणि आज कॉफीला जेवढे जमतील, त्या सगळ्यांना हे मीच सांगणार आहे.”