मी तोफ, वाटाण्याच्या सुपाची

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. अरे, पळता काय असे! उभ्या आयुष्यात मी एकही गोळा उडवलेला नाही. मी आहे चाकांवरची लष्करी चूल. पोटात भलंमोठं पातेलं, त्याखाली भट्टी आणि वर उंच काळं धुराडं. त्या धुराड्यापायी आम्हां जर्मन चुलींना सगळे 'गुलाशची तोफ' म्हणतात; गुलाश म्हणजे मांसाचा झणझणीत रस्सा. आता गुलाश माझ्यात क्वचितच शिजला, ही गोष्ट वेगळी. जन्मभर शिजले ते वाटाणे.

माझा जन्म पूर्व जर्मनीतला. सुरुवातीला मी पलटणीबरोबर चिखल तुडवत हिंडले. मग मला एका पोलाद कारखान्याच्या खानावळीत धाडलं, आणि तिथे मला गुंडुला भेटली. ती खानावळीची मुख्य स्वयंपाकीण. बाई मोठी दांडगी! भट्टीवरचे पहिलवान गडीसुद्धा तिच्या हातातल्या डावाला वचकून असत. पण माझ्यावर तिचा फार जीव. माझा तळ ती रोज स्वतः घासायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. कामगार वाडगे चाटूनपुसून स्वच्छ करत आणि पुन्हा रांगेत उभे राहत. तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जात असे.

पुढे दोन्ही जर्मनी एक झाले. लोकांनी फटाके उडवले, आणि थोड्याच दिवसांत आमच्या कारखान्याला टाळं लागलं. गुंडुलाने मला बहिणीच्या अंगणात आणून उभं केलं. तिथे माझ्यात पालापाचोळा साचला, एकदा तर मांजर व्यायली. मला फार वाईट वाटे. शेवटी बहीणही कंटाळली. तिने भंगारवाल्या पोलेला निरोप दिला, शनिवारी सकाळी ये आणि घेऊन जा. मित्रांनो, भंगार म्हणजे वितळवणं. मला तर धुराड्यापासून चाकांपर्यंत कापरं भरलं.

त्या बहिणीचा मुलगा हायको. त्याने 'भट्टी क्रमांक तीन' नावाचा बँड काढला होता. तेव्हा आमच्याकडे अशा बँडचं नुसतं पेव फुटलं होतं. कारखाने गप्प झाले, आणि त्यांचा खणखणाट पोरांनी उचलला. करवतीसारखी करकरणारी गिटार, ढोलाऐवजी तेलाची पिंपं, अंगात वेल्डरचा चामडी झगा, तोंडाला काजळी. आणि स्टेजवर आग तर हवीच!

"मावशी, शुक्रवारी तुझी तोफ दे ना," हायको म्हणाला. "गावातला पहिलाच कार्यक्रम आहे. आग नसली तर लोक मला हसतील गं."

"आणि नंतर?"

"नंतर पोले नेईलच की."

मावशीने तोंड फिरवलं. हायकोने माझ्या भट्टीला पंखा जोडला, म्हणजे ज्वाळा धुराड्याबाहेर पडतील. मला काळा रंग फासला, वर दोन लोखंडी शिंगं बसवली. या वयात शिंगं! पण बोलणार कुणाला?

शुक्रवारी दुपारी बंद कारखान्याच्या शेडमध्ये अग्निशमन दलाचे क्नोप साहेब तपासणीला आले. माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आगीचं यंत्र. परवानगी काढली?"

हायकोचा चेहरा काजळीतूनही पांढरा पडलेला दिसला. "साहेब, तेवढं राहूनच गेलं."

"मग बंद."

"साहेब, गळा कापा माझा, पण आग बंद करू नका!"

क्नोप साहेबांनी माझं झाकण उघडून आत वास घेतला. त्यांचे डोळे जरा मऊ झाले. "पलटणीत असताना जेवलोय हिच्यातलं," ते म्हणाले. "हे बघ, स्वयंपाकाच्या चुलीला परवानगी लागत नाही. पण मग स्वयंपाक झाला पाहिजे. खराखुरा. मी इथे पाण्याची बादली घेऊन उभा राहणार आणि चाखून बघणार."

गुंडुलामावशी वाटाण्याचं पोतं घेऊन धावतच आली. बटाटे, गाजरं, सॉसेज, सगळं माझ्या पोटात पडलं.

संध्याकाळी शेड खच्चून भरली. पिंपं दणाणली, हायकोने डरकाळी फोडली, पंखा सुरू झाला आणि धुराड्यातून आगीचा लोळ उठला. पोरी किंचाळल्या. माझी छाती अभिमानाने भरून आली. पण त्या पंख्याने भट्टी अशी काही पेटली, की सूप बुडाला धरायला लागलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत पहिल्या रांगेत करपट वास पोचला.

"ढवळ रे मेल्या!" पडद्याआडून मावशी ओरडली. "खाली लागतंय!"

"मावशी, मी गातोय!"

"गात गात ढवळ!"

क्नोप साहेबांनी बादली उचललेली दिसताच हायकोने वल्ह्याएवढा डाव हाती घेतला आणि मृत्यूचं, राखेचं गाणं म्हणत सूप ढवळू लागला. ठेका सुटू नये म्हणून ठेक्यावरच ढवळत राहिला. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग! मग काय, सगळी शेड हात फिरवून हवेत ढवळायला लागली. गाणं संपलं तसे लोक ओरडले, "अजून ढवळ! अजून ढवळ!" कार्यक्रमानंतर काजळी फासलेली ती भयानक मंडळी शहाण्यासारखी रांग लावून सूप प्यायली. क्नोप साहेबांनी चाखता चाखता तीन वाडगे रिचवले.

पण शनिवार उजाडलाच. पोले ट्रक घेऊन अंगणात आला तेव्हा माझ्यातून फक्त दोन पाय बाहेर आले होते. ते हायकोचे होते. कमरेपर्यंत आत वाकून तो तळ खरवडत होता, आणि मावशी शेजारी उभी राहून सांगत होती, "कडेला राहिलंय अजून. नीट घास."

"काय, नेऊ ना ही?" पोलेने विचारलं.

"हात लावून तर बघ!" हायको आतून गरजला. माझ्या लोखंडी पोटात तो आवाज असा घुमला, की पोले दोन पावलं मागे सरला आणि गुमान ट्रकमध्ये जाऊन बसला. मावशीने पदराने पुसावं तसं आपल्या ॲप्रनने माझं धुराडं पुसलं. मला रडू आलं असतं, पण चुलीला ते शोभत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं भांडं अडगळीत पडलं असेल. त्याला बाहेर काढा. रंग फासा, हवी तर शिंगंही लावा, आम्ही काही म्हणणार नाही. एवढंच करा, ज्याने तळ करपवला, त्यानेच तो घासावा.