कुलूप नसलेली गाठ

सुज्ञ वाचकहो, एकाच घरातील दोन जावांच्या दोन गाठींची कथा मी आपणांसमोर सविनय निवेदन करीत आहे. दोन्ही गाठी स्तनाच्या, दोहोंचे नाव कर्करोग हेच; परंतु अंतरंगातील जनुकांची लिपी निरनिराळी. तिसरी गाठ मनातली होती. तिची तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नाही.

हे कुटुंब चावीवाल्यांचे. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. दोघे भाऊ लोकांची अडलेली कुलपे उघडीत, सासू खुर्चीत बसून चाव्यांचे जुडगे ओवी, आणि थोरली सून कानशीने चावीचे दाते घाशी. तिचा हात असा बसलेला, की दाता केसभरही चुकत नसे.

आजार प्रथम थोरलीलाच जडला. शस्त्रक्रिया झाली. गाठीच्या तपासणीच्या कागदावरचा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द धाकटीने वाचला, आणि दुसऱ्याच सकाळी थोरलीच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला दिसला.

“राग नका मानू हं, ताई,” धाकटी म्हणाली. “तुम्ही पॉझिटिव्ह. घरात लेकरं आहेत, कप मिसळायला नको.”

“अगं, हे काय सर्दी-पडसं आहे का लागायला?”

“लागल्यावर कळून काय उपयोग?” सासू जुडग्यावरची नजर न उचलता बोलली.

थोरलीने तो दोरा सोडला नाही. मनात मात्र गाठ बांधली.

चार महिन्यांनी धाकटीच्याही छातीत गाठ हाताला लागली. तुकडा काढून तपासणीला गेला. अहवालाच्या दिवशी धाकटी, तिचा नवरा, आणि स्वतःच्या गोळ्यांसाठी आलेली थोरली असे तिघे डॉक्टरबाईंसमोर बसले. यांचा धंदा ठाऊक असल्याने बाईंनी त्याच भाषेत सांगितले.

“थोरल्या बाईंच्या गाठीला कुलूप आहे. शरीरातल्या संप्रेरकाची चावी त्यात फिरली की गाठ वाढते. आमची गोळी त्या कुलपात मोडक्या चावीसारखी अडकून बसते. यांची गाठ जनुकांपासूनच वेगळी. तीन कुलपं शोधली, तिन्ही निगेटिव्ह. एकही नाही.”

“कुलूपच नाही?” धाकटीचा नवरा मोठ्याने हसला. “मग काम सोपंच की, बाई! ढकललं की दार उघडं!”

बाई काही बोलणार, तोच शस्त्रक्रियागृहातून बोलावणे आले. “बुधवारी पहिलं इंजेक्शन. चुकवू नका,” एवढे म्हणून त्या उठल्या. नवराबायको हसत बाहेर पडली. चिठ्ठीसाठी मागे राहिलेल्या थोरलीला बाईंनी दारात थांबवले.

“त्यांना नीट समजावा. कुलूप नाही म्हणजे आमची चावी लावायला जागाच नाही. ही जात फार वेगाने पसरते. शिरेतलं जालीम औषध, तेही लगेच, एवढाच मार्ग आहे. सांगाल ना?”

“सांगते,” थोरली म्हणाली.

घरी येताच धाकटीने दुकानातच जाहीर केले, “मी निगेटिव्ह! एकदा नाही, तीनदा!”

“धाकटीचं रक्तच चोख,” सासू कौतुकाने म्हणाली. “कशाला त्या सुया टोचून घ्यायच्या? केस जातील बाईचे.”

“सुया-गोळ्या ताईंसारख्यांना,” असे म्हणत धाकटीने दोऱ्याचा कप थोरलीपुढे सरकवला. “घ्या, तुमचा स्पेशल.”

शब्द थोरलीच्या ओठांवर आले होते. तिने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याली आणि ते शब्दही गिळले.

मंगळवारी धाकटीच्या नवऱ्याने कानशीजवळ येऊन हळूच विचारले, “वहिनी, तुम्ही मागे थांबला होतात. बाई आणखी काही बोलल्या का?”

कानस थांबली. “माझ्या गोळ्यांचं सांगत होत्या,” थोरली म्हणाली. कानस पुन्हा चालू झाली. त्या दिवशी तिच्या हातून प्रथमच एक चावी वाया गेली.

बुधवार गेला. दवाखान्याचा फोन आला, तेव्हा सासूने ठसक्यात उत्तर दिले, “आमची सून निगेटिव्ह आहे. पेशंट दुसरीकडे शोधा!”

तीन महिन्यांत गाठ काखेत उतरली, पुढे धाकटीला दवाखान्याचा जिनाही चढवेना. नवरा छातीचा फोटो आणायला गेलेला असताना डॉक्टरबाईंनी तिला एकटीला विचारले, “तुमच्या जावेला मी बजावून सांगितलं होतं. तुम्ही का नाही आलात?”

घरी आल्यावर धाकटीने थोरलीला खाटेपाशी बोलावले.

“ताई, दार लोटा. मला कळलं.”

थोरलीने दार लोटले. “मी सांगणारच होते गं...”

“गप्प बसा. मी कुणाला सांगणार नाही. ह्यांना नाही, सासूबाईंना तर नाहीच. तुम्हाला शिव्या मिळाल्या, मार मिळाला, तर तुम्ही सुटाल.” तिला धाप लागली. “पाच वर्षं गोळी आहे ना तुम्हाला? रोज घ्या. आणि माझ्या कपातून घ्या.”

पंधरवड्यात धाकटी गेली. सुतक संपल्यावर सासूने डोळे पुसत लाल दोरा स्वतःच्या हाताने कापला. “माझी एकच सून राहिली. हिचं काय वेगळं ठेवायचं?” असे म्हणून तिने थोरलीपुढे धाकटीचा कप भरून ठेवला.

थोरलीने गोळी मोजून हातावर घेतली. अजून चार वर्षे आणि चार महिने उरले होते.

येथे ही कथा मी पूर्ण करितो. मजसारख्या अल्पशिक्षिताचे लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार. कुणी आपल्यापाशी कुणाचा निरोप सोपविला असेल, तर तो कृपया आजच पोचवावा.

आपला नम्र,
भानुदास केरबा टोपले