छातीवरचा घट्टा

विजेची यंत्रं तेव्हा सगळ्यांकडे नव्हती. आमचे हे सुतार. भोक पाडायचं गिरमिट छातीला टेकवायचे, अंगाचा भार द्यायचे आणि दांडा फिरवायचे. घरी आले की भुवयांवरचा भुसा मी फुंकर मारून उडवायची. लाकडाचा तो वास अजून नाकात आहे.

एकदा धुताना त्यांच्या बनियनवर बटणाएवढा तपकिरी डाग दिसला. धुतला, गेला. पुन्हा दिसला.

"अहो, हे रक्त आहे."

"लाकडाचा रंग असेल."

"बनियनच्या आतून?"

मग त्यांनी दाखवलं. छातीच्या डाव्या बोंडाखाली टणक गाठ, आणि बोंड आत ओढलेलं.

"दुखतं?"

"छे! गिरमिटाचा घट्टा आहे गं. हाताला पडतात तसा छातीला पडला. सुताराची पदवी समज."

मीही हसले. दुखत नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायला कारखान्यात गेले. हे खिडकीच्या चौकटीला भोकं पाडत होते. मी दारातच थबकले. गिरमिट उजव्या छातीवर होतं.

"डावीकडे कधी टेकवता का हो?"

त्यांनी आधी गिरमिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दांडा फिरायचा थांबला.

"पुरुषाला तसलं काही होत नसतं," ते हळूच म्हणाले. "आणि इथे कळलं तर जन्मभर चेष्टा करतील."

"करू देत. चेष्टा ऐकायला माणूस तरी जागेवर हवा ना!"

दवाखान्यात छातीच्या गाठी तपासायच्या खोलीबाहेर बाकावर सगळ्या बायकाच. मदतनीस बाईने आमचं आडनाव पुकारलं. मी उठले, तशी मलाच आत ढकलायला लागली.

"मी नव्हे, हे."

बाकावर खसखस पिकली. यांचे कान लाल झाले. "चल घरी," म्हणत ते जिन्याकडे निघालेसुद्धा.

मी बाही धरली, पण ओढली नाही. ओढलं की हे आणखी हट्टाला पेटायचे.

"खुशाल उतरा जिना. पण ती गाठही तुमच्याबरोबर उतरणार."

ते कठडा धरून उभे राहिले. मघाशी हसलेली एक म्हातारी सरकून म्हणाली, "बसा दादा. इथे सगळ्यांना तीच धास्ती आहे."

ते बसले. मग आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी छाती चाचपली, मग काख. बराच वेळ. आम्ही दोघं त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून.

"पुरुषांत क्वचित होतं, पण होतं," त्या म्हणाल्या. "दुखत नाही म्हणून गप्प बसायचं नसतं. नवी गाठ, आत ओढलेलं बोंड, रक्त, यातलं एक दिसलं तरी यायचं. सुईने तुकडा काढून तपासायला पाठवू."

निकाल आला. कॅन्सरच निघाला. काखेत पोचला नव्हता. ऑपरेशन झालं.

हे कामावर परतले त्या दिवशी मी सोबत गेले होते.

"काय मिस्त्री, ऑपरेशन कसलं?" पॉलिशवाल्याने विचारलं.

हर्निया सांगतील, असंच वाटलं. त्यांनी शर्टाची बटणं सोडली.

"स्तनाचा कॅन्सर. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. मग घरी जाऊन आपापली छाती चाचपा."

कुणी हसलं नाही. पॉलिशवाल्याचा हात मात्र तिथेच, नकळत, शर्टाच्या आत गेला होता.