भिंतीची मागली बाजू

दुकानात शिरलं की समोरच ती भिंत यायची. तिच्यावर दोन टीव्ही टांगलेले, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. दोन्हींवर दिवसभर समुद्रातल्या माशांची एकच फिल्म चालायची. पण डावीकडचे मासे संध्याकाळी बाजारात उरलेल्या मासळीसारखे मलूल, आणि उजवीकडचे असे लखलखीत की हात लावला तर बोटं ओली होतील असं वाटावं. डावीकडे खाली पाटी होती, ‘साधी केबल’. उजवीकडे, ‘सोनेरी केबल’. दोन्ही पाट्यांखाली ती ती केबल लोंबत असायची, गिऱ्हाइकाने हातात घेऊन बघावी म्हणून. साधी म्हणजे काळी, बारकी, उंदराच्या शेपटीसारखी. सोनेरी बोटाएवढी जाड, वरून विणलेल्या धाग्याचं कवच, टोकं झगझगीत.

लोकांना वाटतं, टीव्हीचं दुकान टीव्ही विकून जगतं. खुळे आहेत लोक. टीव्हीचा भाव प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. चार दुकानांचे भाव बघून, घासाघीस करून माणूस येतो आणि दुकानदाराच्या हाती जेमतेम चहापुरतं ठेवून टीव्ही नेतो. जिंकलो म्हणून छाती फुगवतो. मग कुणीतरी गोड आवाजात विचारतं, “आणि केबल कुठली देऊ?” केबलचा भाव कुणी बघून आलेला नसतो. तिथे मान कापली जाते आणि कापून घेणारा वर थँक्यू म्हणतो. सोनेरी केबल दुकानाला पडायची दोन कप चहाच्या किमतीत. विकली जायची टीव्हीच्या दहाव्या हिश्श्याला.

हे सगळं थोरलीला पाठ होतं. ही भिंत उभी राहिली त्या दिवशी शिडी धरायला तीच होती. आणि आज तिच्या धाकट्या बहिणीचा निकाल होता, याच दुकानात शिकाऊची पक्की होते की नाही त्याचा.

दुकानात माणसं दोन जातीची, कच्ची आणि पक्की. कच्ची म्हणजे शिकाऊ, कधीही हाकलावी अशी. पक्क्याला पगारवाढ, रजा, आणि दुकानातला माल खरेदीच्या भावात. पण या दोन्हींत खरा फरक एका किल्लीचा होता. भिंतीच्या कडेला एक बुटकं दार होतं. त्यातून फक्त पक्क्यांनी आत जायचं. कच्च्याने नाही. आत काय आहे हे कच्च्याला कुणी सांगायचंही नाही.

हा नियम मॅनेजरसाहेबांचा. साहेब अतिशय हळू आवाजात बोलायचे, एखाद्याला कामावरून काढतानासुद्धा. पोरं त्यांना पाठीमागे मऊसाहेब म्हणत. थोरलीने एकदा विचारलं होतं, कच्च्यांना का सांगायचं नाही म्हणून. साहेब म्हणाले होते, “ज्याला माहीत असतं तो खोटं बोलतो, ताई. ज्याला माहीत नसतं तो शपथ घेतो. गिऱ्हाईक शपथेला भुलतं.”

धाकटी शपथा घ्यायची. मनापासून. तिने रोज ते मासे बघितले होते, स्वतःच्या डोळ्यांनी. तिला खोटं बोलता येतच नव्हतं. लहानपणी घरमालक फुटलेल्या खिडकीची चौकशी करायला आले तेव्हा सगळं घर गप्प बसलं होतं आणि हिने सांगितलं, “दगड ताईने मारला. मी फक्त हसले.” अशा पोरीच्या तोंडून ‘मावशी, फरक पडतो हो’ ऐकलं की गिऱ्हाइकाचा हात आपोआप पाकिटाकडे जायचा.

दुपारी डबा खाताना धाकटी म्हणाली, “ताई, आज घरी जाताना एक सोनेरी घेऊन जाऊ.”

“कुणाला?”

“बाबांना, आणखी कुणाला? काल बातम्या लागल्या तेव्हा टीव्हीला नाक लावून बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर अजून थांबा म्हणतायत. निदान चित्र तरी स्वच्छ दिसू दे.”

थोरलीचा घास तोंडातच फिरला. “थांब की. पक्की झालीस की खरेदीच्या भावात मिळेल.”

“आणि नाही झाले तर?”

“होशील.”

“तू मघापासून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावतेयस आणि काढतेयस. तुलाच खात्री नाही.” धाकटी हसली. “पूर्ण भावात घेते. बाबा माझेपण आहेत, तुझी मक्तेदारी नाही.”

सांगून टाकावं. एवढंच करायचं होतं. ‘अगं, फरक पडत नाही,’ चार शब्द. पण ते चार शब्द कानावर पडल्यानंतर ही पोरगी भिंतीपुढे उभी राहून तोंड उघडू शकेल? नाही उघडणार. साहेब संध्याकाळी हळू आवाजात म्हणतील, बेटा, उद्यापासून येऊ नकोस. डॉक्टर थांबा म्हणतायत ते खरं, पण त्यांनी पैशाची तयारी ठेवा असंही सांगितलंय, आणि एका पगारात ते होत नाही. थोरलीने डब्याचं झाकण लावलं. संध्याकाळपर्यंत, ती मनाशी म्हणाली. एकदा पक्की होऊ दे, मग मीच सांगेन. झाकली मूठ संध्याकाळपर्यंत झाकलेली राहू दे.

दुपार कलताना एक शिवणकाम करणारी बाई आली. काम टाकून आली असावी, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच होती. तिला कोपऱ्यातला मोठा टीव्ही हवा होता. पैसे मोजून, रुमालात बांधून आणले होते. साहेब काउंटरमागे उभे राहिले आणि धाकटीकडे मानेने खूण केली. म्हणजे हीच परीक्षा.

“मालक अंथरुणाला खिळलेत,” शिवणवाली सांगत होती. “हातपाय गेले. आता डोळे तेवढे चालतात. म्हटलं, भिंतीकडे बघत पडतात त्यापेक्षा टीव्ही बघू दे. मोठा हवा, लांबून दिसणारा.”

धाकटीचे डोळे भरून आले. कुणी शिकवलेलं नव्हतं ते. “मावशी, मग केबल मात्र चांगली घ्या. या, तुम्हीच बघा.”

भिंतीपुढे दोघी उभ्या राहिल्या. थोरली शेजारीच स्पीकरच्या कपाटाची काच पुसत होती. स्वच्छच होती ती काच.

शिवणवालीने आधी टीव्ही बघितलाच नाही. तिने सोनेरी केबल हातात घेतली आणि वरच्या धाग्यावरून अंगठा फिरवला. “वीण चांगली आहे,” ती म्हणाली. मग वर बघितलं. डावीकडचे मासे, उजवीकडचे मासे. “अगं बाई. इतका फरक?”

“मी खोटं नाही सांगत मावशी. मी आजच आमच्या बाबांसाठी हीच घेऊन जाणारे. त्यांनाही कमी दिसतं.”

शिवणवालीने किंमत विचारली. रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. थोरलीला वाटलं, नको म्हणेल. नको म्हण, बाई. तुझ्या टीव्हीच्या खोक्यात एक केबल फुकट आहे, ती लाव आणि घरी जा.

“असं करा,” शिवणवाली म्हणाली, “टीव्ही एक माप लहान द्या. पण तार हीच द्या.”

थोरलीच्या हातातलं फडकं थांबलं. लांबून दिसावा म्हणून मोठा टीव्ही घ्यायला आलेली बाई, लहान टीव्ही घेऊन चालली होती. अंथरुणातल्या माणसाच्या नजरेतून वीतभर काच कापून दुकानाने ठेवून घेतली होती, आणि ती कापत होती तिची स्वतःची बहीण, भरल्या डोळ्यांनी. थोरलीने तोंड उघडलं. काउंटरमागून साहेब तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. नुसते बघत होते, जसा एखादा माणूस उतू जायला आलेल्या दुधाकडे बघतो.

तिने तोंड मिटलं आणि काच पुसली.

पावती झाली. शिवणवालीने जाताना धाकटीच्या गालावरून हात फिरवला आणि पोर गुणाची आहे म्हणाली. दार बंद झालं, तसे साहेब बाहेर आले.

“अभिनंदन, बेटा. पक्की झालीस.” मग खिशातून किल्ली काढून त्यांनी थोरलीच्या हातावर ठेवली. “घरचंच माणूस आहे. तूच दाखव. आणि हे बघ, पहिल्यांदा सगळ्यांनाच लागतं. दोन दिवसांनी नाही लागत.”

बुटक्या दारातून दोघी वाकून आत गेल्या. आत एक माणूस आडवा चालेल एवढीच जागा, यंत्रांची ऊब, धूळ. दारातून येईल तेवढाच उजेड. धाकटी आनंदात होती. “काय आहे एवढं गुपित? साहेबांचा बिछाना की काय?”

थोरलीने टीव्हींच्या पाठीकडे बोट दाखवलं.

‘साधी’वाल्या टीव्हीला फिल्म चालवणारा जुनाट डबा जोडला होता. पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांच्या वायरी, आजोबांच्या काळातल्या. मुळात चित्रच मळकं सोडलेलं, वर टीव्हीचे रंग उतरवून ठेवलेले. ‘सोनेरी’वाल्या टीव्हीला नवा डबा, रंग चढवलेले. त्यातून एक केबल निघून टीव्हीत गेली होती. काळी, बारकी.

धाकटी वाकली. तिने ती केबल दोन बोटांत धरली. “ही तर साधी.”

“हो.”

“सोनेरीवाला टीव्ही साध्या केबलवर चालतो?”

“हो.”

“मग सोनेरी कुठेय?”

पुढून भोकातून आत आलेली सोनेरी केबलची शेपटी तिथेच होती. कशालाच जोडलेली नव्हती. फळीला चिकटपट्टीने चिकटवून टाकली होती. शेजारी साधीची शेपटीही, तशीच.

धाकटीने चिकटपट्टीचं टोक नखाने उचलून बघितलं.

“तुला हे पहिल्यापासून माहीत होतं,” धाकटी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“संध्याकाळी सांगणार होते.”

“ती मावशी गेल्यावर.”

“तू पक्की झाल्यावर.”

“तेच ते.” तिने हात झटकले, धूळ उडाली. “बाबांसाठी घेऊ दिली असतीस?”

“नसती दिली.”

“का? बाबा आपले, म्हणून? मावशीचे मालक काय रस्त्यावर पडले होते?”

“हळू बोल. बाहेर ऐकू जातं.”

“हळू बोलायला तू शिकलीस ते इथेच ना?”

थोरलीला वाटलं, आता रडेल. मग जवळ घेता येईल, समजावता येईल. डॉक्टर, ऑपरेशन, दोन पगार, सगळं तयार होतं तिच्या जिभेवर. पण धाकटी रडली नाही. तिने ओढणीने तोंड पुसलं, वाकून दाराबाहेर पडली आणि सरळ भिंतीपुढे जाऊन उभी राहिली.

तिथे एक पोस्टमन वाट बघत होता. ड्यूटी संपवून गणवेशातच आलेला, मागे आणखी तीन-चार गिऱ्हाइकं. पोस्टमनने टीव्ही ठरवला होता आणि कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे बघत होता.

“दादा, केबल कुठली देऊ?” धाकटीने विचारलं. तोच आवाज, गोड आणि स्वच्छ. मागून बाहेर आलेली थोरली दाराशीच थबकली. हिला जमणार नाही याची आपण इतके दिवस भीती बाळगली. हिला तर जमतंय.

“केबलला काय बघायचं असतं?” पोस्टमन म्हणाला. “तुम्ही लोक बघावं तेव्हा टोपी घालायला बसलेले.”

“बरोबर आहे तुमचं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी आत्ताच पक्की झाले.” धाकटीने वळून हात केला. “पण ती माझी सख्खी बहीण आहे. ही भिंत उभी केली तेव्हापासून ती इथे आहे. तिला विचारा. ती सांगेल ते घ्या.”

पोस्टमन वळला. मागची गिऱ्हाइकंही वळली. “काय हो ताई? पडतो का फरक?”

काउंटरवर साहेबांनी मान वर केली.

थोरलीने बहिणीकडे बघितलं. काहीतरी खूण मिळेल म्हणून शोधलं. हो म्हण, नाही म्हण, मला सोडव. काही नव्हतं. पोरगी पोस्टमनसारखीच उभी होती, उत्तर माहीत नसलेल्या गिऱ्हाइकासारखी. नोकरी तिचीही पणाला लागली होती, आणि ती तिने स्वतः उचलून मध्ये ठेवली होती.

हो म्हणणं सोपं होतं. ते तोंडाला वळण पडलेलं होतं. हो म्हटलं असतं तर दोन पगार राहिले असते, आणि घरी एका खोलीत झोपणाऱ्या दोन विक्रेत्या राहिल्या असत्या.

“नाही,” थोरली म्हणाली.

“काय?”

“काही फरक पडत नाही. खोक्यात जी फुकट येते तीच लावा.”

पोस्टमनने भिंतीकडे बोट केलं. “मग हे काय दिसतंय मला? मी आंधळा आहे?”

“ताई,” साहेब म्हणाले, “जरा आत ये बरं. ऑफिसात.” ते काउंटरला वळसा घालून निघालेच होते. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता.

थोरली ऑफिसात गेली नाही. ती भिंतीच्या कडेच्या दारापर्यंत गेली. एवढ्या वर्षांत त्या दारातून गिऱ्हाईक आत गेलेलं नव्हतं. तिने ते सताड उघडलं.

“या दादा, बघून घ्या. वाकून या, डोकं लागेल.”

पोस्टमनने पिशवी खाली ठेवली आणि वाकला. मागची माणसंही सरकली, माना लांब करून. साहेब गर्दीतून वाट काढत होते, “अहो, तिथे करंट आहे, जाऊ नका,” असं हळू हळू म्हणत, आणि कुणी बाजूला होत नव्हतं.

धाकटी दारापाशी आली. तिने दार पाठीने रेटून धरलं, बंद होऊ नये म्हणून. बहिणीकडे बघितलं नाही.

“आतला दिवा लाव, ताई,” ती म्हणाली. “अंधारात काय दिसणार त्यांना.”