सगळ्या गाड्यांची एकच किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फगाडी आहे आणि ही गोष्ट २००९ सालच्या एप्रिलमधली आहे. त्या दिवशी बसलेला धक्का अजूनही माझ्या चाकांतून गेलेला नाही.

माझी पहिली आठ वर्षं मी फ्लोरिडातल्या हेरॉन लेक गावाच्या गोल्फ मैदानावर काम केलं. आम्ही चाळीस जणी होतो. सगळ्या बदामी रंगाच्या, पांढऱ्या छपराच्या, विजेवर चालणाऱ्या. कोणीही कोणतीही गाडी बाहेर काढावी म्हणून चाळीस जणींना किल्ली एकसारखीच. पुढे नव्या गाड्या आल्या आणि आम्हाला विकायला काढलं. मला स्टब्स नवरा-बायकोने घेतलं, माझ्या एका बहिणीला त्यांच्या शेजारच्या हॉलिसने.

ऑर्विल स्टब्सने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मला दारात उभी केल्याबरोबर त्याने विचारलं, "हिला पट्टे कुठे आहेत?" मग डेल मिस्त्रीने मला दिवे, आरसे, समोरची काच आणि प्रत्येक जागेला सुरक्षेचा पट्टा बसवला. मागे उलट्या तोंडाचं एक बाक जोडलं, त्यालाही पट्टा. ताशी पंधरा मैलांची मी पंचवीस मैल धावू लागले. नंबराची पाटी लागली आणि गावातल्या रस्त्यांवर मोटारींच्या बरोबरीने जायची मला रीतसर परवानगी मिळाली. काय माझा तो थाट!

हॉलिस कुंपणापलीकडून हसला. "ऑर्विल, अरे पाव आणायला निघालास की चंद्रावर?"

"हसून घे. माझ्या बसमध्ये असतास तर आधी तुलाच बांधला असता," ऑर्विल म्हणाला.

डेल म्हणाला होता, "किल्लीचं कुलूपही बदलून देतो. अर्ध्या गावाची किल्ली हिला लागते."

ऑर्विलची बायको व्हर्लीन म्हणाली, "राहू दे रे. इथे कोण चोरणार? सगळी चर्चमधली माणसं."

चूक झाली ती तिथेच.

काही वर्षांनी ऑर्विलची स्मरणशक्ती विरत गेली आणि व्हर्लीन मला चालवू लागली. ऑर्विलला मागचं बाक आवडे. मागे पळणारा रस्ता बघत तो गप्प बसायचा. नाताळानंतर तर त्याने एक धड वाक्य उच्चारलं नव्हतं. दोनदा तो सपाता घालून एकटाच घराबाहेर पडला. मुलगी जॅनिस ओहायोत राहायची. व्हर्लीन माझ्यावर बसून तिच्याशी फोनवर बोलायची, म्हणून मला सगळं ऐकू येई.

"आई, आता आणखी एकदा असं झालं तर बाबांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचं. मग मी तुझं काही ऐकणार नाही."



एप्रिलमधल्या त्या गुरुवारी दुकानापुढे तिने ऑर्विलचा पट्टा ओढून पाहिला. "दोन मिनिटांत आलेच हं, राजा." आणि ती औषध आणायला आत गेली.

तेवढ्यात आइस्क्रीमचा डबा छातीशी धरून हॉलिस घाईघाईने बाहेर आला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. माझी बहीण शेजारीच उभी होती, पण तो माझ्यावर चढला. त्याने स्वतःची किल्ली लावली आणि ती फिरली!

मित्रांनो, मी हादरून गेले. मला ओरडता येईना, जागेवर अडून बसता येईना. मागे ऑर्विल मुका. हॉलिसने नेहमीसारखा पाय पूर्ण दाबला.

"आज काय खाऊन आलीस गं बाई?" तो खूश होऊन मला म्हणाला.

टपालपेट्यांच्या कोपऱ्यावर त्याने वेग कमी केलाच नाही. त्याच्या पंधरा मैलांच्या गाडीला कधी गरजच पडत नसे. माझी दोन चाकं जमीन सोडून वर आली. आइस्क्रीमचा डबा उडून रस्त्यात फुटला. ऑर्विलचं अंग बाहेर झेपावलं आणि पट्ट्याने ते गच्च धरलं. माझी चाकं धाडकन खाली आली.

आणि मागून खणखणीत आवाज आला. "बसून घ्या! बस थांबल्याशिवाय कोणीही उठायचं नाही!"

हॉलिसने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. मागे वळून पाहिलं, तर बाकावर ऑर्विल! हॉलिस उतरून पदपथाच्या कडेला बसला.

थोड्या वेळाने माझी बहीण धापा टाकत आली. वर व्हर्लीन! माझी किल्ली तिलाही लागली होती ना.

"हॉलिस टकर! माझा नवरा घेऊन पळालास?"

"अगं, मला वाटलं माझीच गाडी..."

"तुझ्या गाडीत नवरा असतो का रे मेल्या?"

ती ऑर्विलचे हात, खांदे, डोकं चाचपून बघत होती. हॉलिस रडत म्हणाला, "व्हर्लीन, जॅनिसला कळू देऊ नकोस. मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही."

संध्याकाळी व्हर्लीन माझ्यावर येऊन बसली. फोन हातात तसाच धरून होती. मग तिने मुलीला सगळं सांगितलं, कुलूप बदललं नव्हतं तेही. जॅनिसने आधी एकच विचारलं.

"पट्टा कोणी लावला होता?"

"मी. रोज मीच लावते."

"ओढून बघितलास? बाबा बघायचे तसा?"

"बघितला."

"मग राहू देत ते तुझ्यापाशीच," जॅनिस म्हणाली. "पण कुलूप उद्याच्या उद्या बदल."

डेलने दुसऱ्याच दिवशी कुलूप बदललं. ऑर्विल आणखी दोन वर्षं जगला आणि स्वतःच्या पलंगावर गेला. बस थांबल्याशिवाय उठायचं नाही, हे त्याचं शेवटचंच वाक्य ठरलं. हॉलिसने माझ्या बहिणीला पट्टे लावून घेतले, डोळे नीट करून घेतले आणि पुढची सहा वर्षं तो प्रत्येक गाडीचं मागचं बाक बघूनच किल्ली लावायचा. व्हर्लीन जॅनिसकडे ओहायोला गेली. जाताना मला डेलला विकलं, पण जुनी किल्ली पर्समध्ये ठेवून घेतली. डेल म्हातारा झाला. त्याच्याच शेडमागे मी उभी आहे. छप्पर फाटलंय, बॅटऱ्या काढून नेल्यात.

मित्रांनो, मला पुन्हा रस्त्यावर काढा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी एखादी छोटी, हळू चालणारी, खेळण्यासारखी दिसणारी गाडी असेल, तर तिला हसू नका. मागे बसलेल्या माणसाचा पट्टा एकदा हाताने ओढून बघा. माझे पट्टे अजून शाबूत आहेत.