मोरीला पाजलेली पेज

बुधवारी सकाळी मोरी तुंबली आणि गोजाबाईंनी उभ्या उभ्याच निकाल देऊन टाकला. वाकून बघायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

"केस! दुसरं काय असनार? या घरात मोरीत सोडायला एवढे लांब केस कुनाचे हायत?"

केस होते सुनेचे, संध्याचे. संध्या आसनगावची, म्हणजे रेल्वे स्टेशनाच्या गावची. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी गोजाबाईंच्या लेखी ती अजून 'टेशनावरची पोरगी' होती, कारण ती शिकेकाई सोडून पुडीतला शाम्पू लावायची. वेणी कमरेच्या खाली रुळायची. खरं तर लग्न ठरवताना गोजाबाई भाळल्या होत्या त्या याच वेणीवर, आणि 'केस बघा माझ्या सुनंचे' म्हणून वैशाखरे गावात घरोघर मिरवल्याही होत्या. पण नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवसापासून त्याच वेणीत खोट दिसायला लागली.

मोरीही काही अशीतशी नव्हती. दोन वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णव साली, त्यांचा मुलगा रत्नदीप मुरबाडच्या एमआयडीसीत कायम झाला, त्याने स्लॅबचं घर बांधलं, आणि जिथे चंद्री म्हैस बांधायचे तो गोठा पाडून तिथे फरशीची मोरी केली. चंद्री गेली काळूराम गवंड्याकडे, तीन घरं पलीकडे. दावं गोजाबाईंनीच त्याच्या हातात दिलं, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तेव्हापासून काळूरामच्या दारावरून जाताना त्या तोंड फिरवून जात. काळूरामला वाटे, बाईला स्लॅबचा गर्व झाला. चंद्रीने आतून रेकून ओळख दिली असती तर गोजाबाईंना भररस्त्यात रडू फुटलं असतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

रोज अकराच्या सुमाराला भात वेळला, म्हणजे शिजल्यावर त्याचं पाणी गाळलं, की निघालेली टोपभर गरम पेज घेऊन गोजाबाई वर्षानुवर्षं गोठ्यात जायच्या. गोठा गेला, पण पाय त्याच वाटेने जात राहिले. आता पेज मोरीच्या जाळीत जाऊ लागली. ओतता ओतता त्या 'घे गो' म्हणत, हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं. कुणी विचारलंच तर त्यांचं शास्त्र तयार असे. गरम पेज पाइप आतून धुऊन काढते, तेलकट-ओशट सगळं घेऊन जाते. भांडी घासलेली राखही त्या मोरीतच सोडत. राख भांडं लख्ख करते, मग पाइपाला काय तिचं वावडं आहे?

तर मोरी तुंबली, आणि घरात वैद्य झाले फार.

गोजाबाईंचे यजमान जयराम एसटीतून रिटायर झाले होते. जगातली कुठलीही घाण उकळत्या पाण्याने पळते, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांनी पाच हंडे पाणी उकळून ओतलं. पाणी खाली गेलं नाही. ते मोरीभर पसरलं, आणि स्वतः जयरामच पाय वर धरून पळाले.

रत्नदीपने मुरबाडहून अ‍ॅसिड आणलं. ते ओतल्यावर घरातली सगळी माणसं खोकत अंगणात आली आणि तासभर अंगणातच बसली. फरशी तेवढी पांढरीफटक झाली. तुंबलेलं तसंच राहिलं.

शेजारची भिमी म्हणाली, "काळं कोल्ड्रिंक वता. त्याच्यात खिळा टाकला तर इरघळतो." तिने तो विरघळताना पाहिला नव्हता, पण तो पाहिलेला एक माणूस तिच्या मेहुण्याने पाहिला होता. दोन बाटल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी मोरीपासून चुलीपर्यंत मुंग्यांची रांग लागली.

शेवटी काळूरामला बोलावलं. पाइप त्यानेच टाकलेला. त्याने कमरेवर हात ठेवून मोरीकडे पाहिलं.

"चार इंची पाइप टाकलाय मी. चार इंची पाइप तुंबतच नाय."

"मग हे काय हाय?" जयरामांनी विचारलं.

"हे तुंबलंय," काळूराम शांतपणे म्हणाला. "पन तुंबत नाय."

रविवारी येऊन मागच्या चेंबरमधून पाइप साफ करतो असं सांगून तो गेला.

शुक्रवारी संध्याकाळी खरकट्या भांड्यांचा ढीग दारापुढच्या ओट्यावर आला. हातपंपावरच्या बायाही ओट्याशी येऊन टेकल्या. माणसं जमली म्हटल्यावर गोजाबाईंना जोर चढला. पुडीतला शाम्पू, मोकळे केस, आसनगावची हवा, सगळं त्यांनी एका दमात मोरीत घातलं. तीन दिवस गप्प राहिलेली संध्या तेव्हा कुठे बोलली.

"आई, माझा एक केस मी मोरीत जाऊ देत नाय. जाळीवरचे उचलते. इंचरल्यावर गुंतवळ निघते ती बोटावर गुंडाळून पिशवीत ठेवते. केसांवर भांडी देनारी येते ना, तिच्यासाठी. मला पातेलं घ्यायचंय."

"पाइप खोलल्यावर दिसंलच तुझं पातेलं."

"दिसू दे. केस निघाले तर ही वेनी कापते. शाळेतल्या बाईंसारखी, खांद्यापर्यंत. आनि नाय निघाले तर?"

बाया गोजाबाईंकडे बघायला लागल्या. माघार घ्यायची जागाच उरली नव्हती.

"तर जन्मभर या घरातली भांडी मी घाशीन," गोजाबाई म्हणाल्या.

भिमी साक्षीदार झाली, म्हणजे दिवे लागायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं.

शनिवारी गोजाबाईंनी पांढऱ्या साडीला खळ घातली. येत्या गुरुवारी वैशाख पौर्णिमा. दर पौर्णिमेला त्या पेजेत साडी बुडवून अशी कडक करत की विहारात त्या बसल्या तरी पदर उभाच राहायचा. दुपारी घर निजलं होतं. साडी दोरीवर टाकून बादली उपडी केली, तर तळाशी राहिलेली पेज एकगठ्ठा निघाली. ती त्यांनी फेकून दिली. मग सहज, निव्वळ उद्याच्या विजयाची खात्री करून घ्यायला, त्या एक तार घेऊन मागच्या चेंबरकडे गेल्या.

झाकण सरकवून तार आत घातली, फिरवली, ओढली. तारेला पांढरट-करडा गोळा लागून आला. गोजाबाईंनी तो बोटांनी चिरडला. आत राख होती. नाकाशी नेला. आंबूस होता, पण वास ओळखीचा होता. अर्ध्या घटकेपूर्वी बादलीतून निघाला होता तोच.

त्या तिथेच खाली बसल्या. मोरीने दोन वर्षं त्यांच्या हातची पेज प्यायली होती आणि एक दिवसही पचवली नव्हती. गरम पेज पाइपात शिरून थंड होत होती आणि साडीवर धरते तशी तिथे धरत होती. वरून राखेचा लेप. साडीला खळ घालण्यात जिचा हात धरणारी दुसरी बाई नाही, तिला हे समजू नये? गोजाबाईंना स्वतःचा राग आला. मग भिमीचं तोंड आठवलं.

पुढचं त्यांच्या हातांनी केलं. त्या आत गेल्या, खुंटीवरच्या पिशवीतून मूठभर गुंतवळ काढली आणि चेंबरमधून पाइपात सारली. परत येऊन त्यांनी हात तीनदा धुतले.

रविवारी जत्रा भरावी तशी माणसं मागल्या दारी जमली. काळूरामने चेंबरमध्ये हात घातला आणि पहिल्याच झटक्याला बाहेर आले ते केस.

"बघा!" भिमी ओरडली. "गोजाबाय बोललीच व्हती!"

संध्या पुढे आली. तिने ते केस हातात घेतले. बोटावर गुंडाळलेली वेटोळी जशीच्या तशी होती. तिने एकदा सासूकडे पाहिलं, फक्त एकदाच. घरात जाऊन कातर घेऊन आली, ती गोजाबाईंच्या हातात दिली आणि पाठमोरी होऊन पायरीवर बसली.

"शब्द म्हंजे शब्द. कापा, आई."

"संध्या, काय येडेपना हा?" रत्नदीप म्हणाला. तिने त्याला हातानेच गप्प केलं.

गोजाबाईंनी वेणी हातात घेतली. जड होती, उन्हाने कोमट झाली होती. याआधी एकदा याच अंगणात त्यांनी असाच पीळ मुठीत धरला होता. चंद्रीचं दावं. तेव्हाही सगळे म्हणत होते, बरोबर आहे, द्या. तेव्हाही आतून जीव ओरडत होता, आणि तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या.

त्यांनी कातर खाली टाकली.

"काळूराम, अजून हात घाल. आत पेज हाय. दोन वर्षांची. मी रोज वतायची." त्या भिमीकडे वळल्या. "आनि केस मी टाकले. काल दुपारी. माझ्या सुनंचा एक केस त्या पाइपात नव्हता. ऐकलंस ना गो भिमे? आता हेपन सांग वस्तीत."

काळूरामने बांबूची काठी घातली, ढोसलं, पाय रोवून ओढलं, आणि हातभर लांब, पाइपाच्या मापाची, टणक पांढरी कांडी धप्पकन बाहेर पडली. मोरीतलं पाणी गडगडत निघून गेलं.

"बोललो ना," काळूराम म्हणाला, "चार इंची पाइप तुंबत नाय."

"मी पहिल्यापासून सांगत व्हतो, केस नायत," जयराम म्हणाले. असं त्यांनी कधीही सांगितलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गोजाबाई न सांगता मोरीत भांडी घासायला बसल्या. संध्या थोडा वेळ दारात उभी राहिली. मग पदर खोचून शेजारी बसली आणि अर्धा ढीग आपल्याकडे ओढला.

"जन्मभर मी घाशीन बोलले ना?" गोजाबाई म्हणाल्या.

"तुमी परत मोरीत राख सोडाल," संध्या म्हणाली. एक टोप विसळून म्हणाली, "पन मूठभर केसांचं मी इसरनार नाय हां. पातेल्याच्या जागी झाकन आलं तर तुमच्यामुळं."

गोजाबाई हसल्या आणि हसता हसता रडल्या.

सोमवारी अकराला भात वेळला. पेजेचा टोप उचलून गोजाबाईंचे पाय निघाले ते थेट मोरीकडे. मोरीच्या तोंडाशी संध्या हात पसरून उभी होती.

"इकडं नाय, आई. काळूरामदादाला मी सांगून ठेवलंय."

पुढे संध्या आणि मागे टोप घेतलेल्या गोजाबाई, अशा दोघी तीन घरं पलीकडे गेल्या. गोठ्याच्या दाराशी गोजाबाईंचे पाय अडखळले. आत चंद्रीने मान वळवली, कान हलवले आणि एवढ्या जोरात रेकली की काळूराम घरातून बाहेर आला.

गोजाबाईंनी घमेल्यात पेज ओतली.

"घे गो," त्या म्हणाल्या.

एका दमात घमेलं रिकामं. चंद्री कधीच तुंबली नव्हती.